तीन किलोंसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

आमच्या बॉक्सिंग मंडळात रिंगच्या कोपऱ्याशी एक वजनकाटा आहे. सरावाआधी एक मुलगी रोज त्याच्यावर उभी राहते, आकडा वहीत लिहिते आणि मग दोरी उचलते. ४७.८, ४८.१, ४८.०, ४७.९. पानंच्या पानं अशी भरली आहेत. तिला हा आकडा ५१ वर न्यायचाय. त्या तीन किलोंसाठी हे पत्र.

"तीन किलो म्हणजे काय, महिन्याभरात चढतील!" असं ऐकून आम्ही आता कंटाळलो. चढतील हो, पण पोटावर चढतील. तिला ते खांद्यात, मांड्यांत आणि पाठीत हवेत, आणि पायांची चपळाई तसूभरही न गमावता. त्याला वर्ष-दीड वर्ष लागतं.

मुळात वजन वाढवायचंच कशाला? ४८ किलो हा तिचा हक्काचा गट, लाइट फ्लायवेट. आणि या वजनात आपल्या मुली जगात कुणाला ऐकत नाहीत. मेरी कोमने २०१० आणि २०१८ ची जागतिक सुवर्णपदकं याच गटात घेतली. २०२३ मध्ये दिल्लीत नीतू घणघस जगज्जेती झाली, २०२५ मध्ये लिव्हरपूलला मीनाक्षी हुडा, दोघीही ४८ किलोत. पण महिलांचा ४८ किलोचा गट ऑलिंपिकला कधीच नव्हता. २०१२ मध्ये लंडनला महिला बॉक्सिंग पहिल्यांदा आलं, तेव्हा सगळ्यात हलका गट ५१ चा होता. मेरी कोमची सहाच्या सहा जागतिक विजेतेपदं ४८ किंवा त्याहून कमी वजनातली, तरी लंडनला तिला वर सरकावं लागलं. उपांत्य फेरीत ब्रिटनच्या निकोला अ‍ॅडम्सकडून हरून तिने कांस्य आणलं. ते कांस्य किती जड होतं, हे हलक्या गटात खेळलेल्यालाच कळेल.

पुरुषांचंही फार वेगळं नाही. ऑलिंपिकमधला त्यांचा लाइट फ्लायवेट १९६८ ला मेक्सिकोत सुरू झाला आणि २०१६ ला रिओमध्ये संपला. महिलांचे गट तीनावरून पाच करायचे म्हणून पुरुषांचे दहाचे आठ झाले. महिलांना जागा मिळाली ते योग्यच, पण कात्री लागली ती सगळ्यात लहान चणीच्या खेळाडूंना. रिओचा विजेता, उझबेकिस्तानचा हसनबॉय दुस्मातोव्ह टोकियोत दिसलाच नाही. तो परत आला २०२४ ला पॅरिसमध्ये, ५१ किलोत, आणि सुवर्ण घेऊन गेला. मधली आठ वर्षं त्याने काय केलं असेल, हे आम्ही मुलांना नेहमी सांगतो. याच दुस्मातोव्हला २०१८ च्या आशियाई स्पर्धेच्या अंतिम लढतीत आपल्या अमित पंघालने ४९ किलोत, म्हणजे पुरुषांच्या लाइट फ्लायवेटमध्ये, हरवलं होतं. पंघाललाही पुढे ५२ मध्ये जावं लागलं.

आता आमच्या मुलीकडे. नाव देत नाही, तिलाच नकोय. "जिंकले की लिहा" म्हणते. मोठ्या भावाला बोलवायला म्हणून ती सरावाच्या जागी आली आणि तिथेच रमली. भावाने पुढे बॉक्सिंग सोडलं, हिने नाही.

गेल्या निवड स्पर्धेत ती पहिल्यांदाच ५१ किलोत उतरली. वजन द्यायच्या वेळी समोरची मुलगी स्वेटसूट घालून काट्याशेजारी उड्या मारत होती, उरलेले शे-दोनशे ग्रॅम घालवायला. आमची मात्र पोटभर खाऊन, पाणी पिऊन काट्यावर चढली. पहिला राउंड आमचा होता. आत शिरायचं, दोन सरळ ठोसे मारायचे, बाजूला निघायचं. दुसऱ्यात समोरचीने तिला मिठीत धरून खांद्यावर सगळा भार टाकला, दोरांपर्यंत ढकलत नेलं. तीन मिनिटं असं कुणाला पेलून बघा! तिसऱ्या राउंडला आमच्या मुलीचे हात हनुवटीपर्यंत येईनात. ती रडेल असं आम्हाला वाटलं होतं. तिने हातांच्या पट्ट्या सोडल्या, वही काढली आणि त्या दिवसाच्या वजनासमोर लिहिलं: "ढकललं की मागे जाते."

म्हणून मदत हवी आहे. सगळ्यात आधी वर्षभराच्या सकस आहाराची सोय. तिच्या घरी जेवण सगळ्यांना पुरतं, पण सकाळ-संध्याकाळ सराव करणाऱ्या खेळाडूची गरज त्याहून बरीच मोठी आहे. एखाद्या महिन्याचा भार उचललात तरी चालेल. दुसरं, एक आहारतज्ज्ञ आणि एक स्त्री-डॉक्टर, ज्या अधूनमधून वेळ देतील. कमी वजनात टिकायला मुली अर्धपोटी राहतात, मग पाळी चुकते, रक्त कमी होतं, हाडं ठिसूळ होतात, आणि हे सरांना सांगायला त्या लाजतात. आमच्या मंडळातले सगळे प्रशिक्षक पुरुष आहेत, ही उणीव आम्हाला मान्य आहे.

तिसरी मदत पैशांत होत नाही. तिच्या वजनाची सरावाला जोडीदारच नाही. मुलांबरोबर स्पॅरिंग, म्हणजे सरावाची लढत, करते, पण मुलं हात राखून मारतात, त्यात सराव होत नाही. इतर मंडळांना विनंती, ५० ते ५४ किलोच्या मुली असतील तर आठवड्यातून एकदा पाठवा, येण्याजाण्याचं आम्ही बघू. ग्लोव्हज आणि हेडगार्ड हवेतच, स्पर्धांचा प्रवासखर्चही आहे. काटाही दर दोन महिन्यांनी दगा देतो, ते वेगळंच.

रोख रक्कम कृपया तिच्या किंवा तिच्या आई-वडिलांच्या हातात देऊ नका. त्यांना अवघडल्यासारखं होतं. मंडळात द्या, पावती मिळेल, आणि जमाखर्च दर महिन्याला फळ्यावर लागेल. सत्कार ठेवू नका. मागे एकदा झाला, त्यात सरावाची एक अख्खी संध्याकाळ गेली.

वापरलेले ग्लोव्हज देणार असाल तर आधी आत हात घालून मूठ वळून बघा. बोटांच्या सांध्यांवरची गादी बसलेली असेल तर ते राहू द्या, समोरचीचं नाक फुटेल. हेडगार्ड लहान मापाचे आणा. मोठे आमच्याकडे ढीगभर पडलेत, ते तिच्या डोळ्यांवर येतात.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते