पॅरिसहून बाबांना: झपाटलेल्या वाड्यातील प्रकाशयोजना

पॅरिस

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

राज्य नाट्यस्पर्धेच्या तालमींत मला दिवे मंद-प्रखर करणाऱ्या डिमरजवळ बसवून तुम्ही म्हणत असत, ‘आधी काय दिसू द्यायचे नाही ते ठरव.’ गेल्या रविवारी इथल्या डिझनीलँडमध्ये त्याची फार आठवण झाली, म्हणून हे पत्र.

तिथे ‘फँटम मॅनर’ हा झपाटलेला वाडा आहे. १९९२ मध्ये उद्यान सुरू झाले तेव्हापासूनचा हा वाडा जानेवारी २०१८ मध्ये नूतनीकरणासाठी बंद झाला आणि मे २०१९ मध्ये पुन्हा उघडला. मेलनी नावाच्या नववधूची गोष्ट तशी साधीच. मन गुंतले ते उजेडात. बाहेरच्या लख्ख उन्हातून आत शिरल्यावर एकदम काळोख होत नाही. आधी मंद दिवाणखाना, मग त्याहून मंद दालन, असे डोळ्यांना हळूहळू सरावू दिले जाते, आणि वाड्यातून फिरवणाऱ्या गाडीत बसेपर्यंत मेणबत्तीएवढा उजेडही पुरेसा वाटू लागतो. एका लांबच लांब बोळात मेलनी हातात शमादान घेऊन उभी दिसते, मग ती विरते आणि शमादान तेवढे अधांतरी राहते.

आपल्या नाट्यगृहात पहिल्या रांगेतला आणि बाल्कनीतला प्रेक्षक वेगवेगळ्या कोनांतून पाहतो, त्यामुळे दिव्यांची ओढाताण होते. इथे मात्र गाडीच प्रेक्षकाला हवे तिकडे वळवते, त्यामुळे दिवा कुठे लपवायचा हे नेमके ठरवता येते.

नाचघरातील भुते तर तुम्ही पाहायलाच हवीत. पेपर नावाच्या गृहस्थांनी १८६२ मध्ये लंडनच्या रंगमंचावर दाखवलेलीच ही युक्ती आहे: समोर प्रचंड मोठी काच असते, खऱ्या आकृत्या प्रेक्षकांच्या नजरेआड काळ्या जागेत असतात, आणि त्यांच्यावर दिवा पडला की त्यांचे प्रतिबिंब काचेत उमटून पलीकडच्या खऱ्या मेजाखुर्च्यांमध्ये मिसळते. दिवा मंदावला की भूत विरते. सगळी कसोटी तोलाची आहे, कारण मागचे दालन जरा जास्त उजळले तर भूत पुसट होते आणि भुतावरचा प्रकाश वाढला तर ते काचेवर चिकटवल्यासारखे दिसते. मला तो तोल अचूक साधलेला वाटला. त्यानंतर गाडी भुतांच्या गावाच्या देखाव्यातून जाते, तिथला जांभळा-हिरवा झगमगाट मात्र, खरे सांगायचे तर, इतक्या संयमानंतर थोडा मोठ्या आवाजात बोलल्यासारखा वाटला.

तुमच्या भुताच्या प्रवेशाला तुम्ही नेहमी दिव्यापुढे निळे जिलेटीन, म्हणजे तो रंगीत पारदर्शक कागद, लावत होतात. इथले भूत जवळजवळ बिनरंगी, फिकट पांढरे आहे, आणि निळसरपणा आहे तो सभोवतालच्या अंधाराला. पुढच्या तालमीत निळे जिलेटीन भुतावरून काढून मागच्या पडद्यावर लावून पाहाल का? काय दिसले ते सविस्तर कळवा.

आईस नमस्कार.

आपली,
चिऊ