मुलांना मदुराई बसच्या काचेतून दाखवू नका

महोदय,

दिवाळीची सुटी तोंडावर आली की दक्षिणेच्या सहलींच्या जाहिराती सुरू होतात आणि किती दिवसांत किती देवस्थाने, याचा हिशेब त्यांत मोठ्या टायपात छापलेला असतो. मुलांना दक्षिणेचा परिचय व्हावा, तिथल्या लोकांची भक्ती, भाषा आणि राहणी त्यांनी पाहावी, या इच्छेने आपल्या नागपुरातील अनेक कुटुंबे अशा सहलींत नावे नोंदवतात. इच्छा चांगलीच आहे. परंतु या रीतीने ती पुरी होत नाही, असे मला दोन वेळच्या अनुभवावरून वाटते, म्हणून हा पत्रप्रपंच.

पहिल्या वेळी एका प्रवासी कंपनीबरोबर नातवंडांना घेऊन गेलो होतो. नात दहा वर्षांची, नातू सात. आमची बस मदुराईच्या मीनाक्षी मंदिरापाशी दुपारी पाऊण वाजता पोहोचली. तिकडची बहुतेक मोठी देवळे दुपारी बंद होतात आणि चारच्या सुमारास उघडतात, हे आयोजकांना ठाऊक नसावे, ही गोष्ट पटण्यासारखी नाही. पण रात्रीच्या आत रामेश्वर गाठायचे होते, त्यामुळे मुलांनी मदुराई पाहिली ती बसच्या काचेतून. घरी परतल्यावर नातवाला, काय काय पाहिलेस, असे विचारले, तर तो म्हणाला, ‘‘खूप चपला.’’ मला त्याचे उत्तर चुकीचे वाटले नाही. आठवडाभर त्याच्या वाट्याला रांगाच आल्या होत्या.

गेल्या वर्षी मात्र आम्ही नागपूरहून थेट मदुराईला जाणाऱ्या गाडीची तिकिटे काढली आणि चार रात्री त्याच एका गावी, देवळापर्यंत चालत जाता येईल अशा साध्या लॉजमध्ये राहिलो. निघण्यापूर्वी मी नातीकडून गावाचा नकाशा वहीत काढून घेतला होता. मध्ये मंदिर आणि त्याच्याभोवती एकात एक चौकोन काढावेत तसे रस्ते: आडी, चित्तिरै, आवणी मूल, मासी. ही तमिळ महिन्यांची नावे असून ती त्या त्या महिन्यातील उत्सवांवरून पडली आहेत (आता चित्तिरै महिन्यातला मोठा रथही मासी रस्त्यांवरूनच फिरतो, ही गोष्ट वेगळी). वही हातात धरून ती पोरगी आम्हाला गावभर फिरवत होती आणि दुसऱ्या दिवसापासून मला रस्ता विचारावा लागला नाही.

देवळाच्या दाराशी मोगऱ्याच्या माळा विकायला बसलेल्या बायका वजन करत नाहीत. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत माळ धरून ‘मुळम्’ मोजतात, म्हणजे आपल्याकडचा हात. नातीने दोन बायकांच्या हातांची लांबी डोळ्यांनी ताडून लांब हाताच्या बाईकडूनच माळ घेतली. ती बाई हसली आणि दोन बोटे माळ जास्तीची दिली. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या गाडीवर ‘परुत्तिपाल’ प्यायलो. सरकी भिजवून, वाटून, तिचे दूध काढून त्यात गूळ, सुंठ, वेलची घालून ते शिजवतात. विदर्भातल्या माणसाने सरकी ढेपेच्या आणि गुरांच्या संदर्भातच ऐकलेली असते. त्यामुळे पहिला घोट मीही जरा बिचकतच घेतला. नातवाने दोन पेले संपवले.

देवळात मोबाइल नेता येत नाही, हे मुलांच्या दृष्टीने फार उत्तम आहे. फोटो काढायचा नसला की माणूस पाहू लागतो. चौदा गोपुरे, त्यांतले दक्षिणेकडचे सर्वांत उंच, सुमारे 170 फूट. हजार खांबांचा म्हणून प्रसिद्ध असलेला मंडप, ज्यात प्रत्यक्षात 985 खांब आहेत. मोजण्याचा प्रयत्न नातवाने केला आणि सत्तरीच्या घरात तो सोडून दिला. पण मुलांच्या मनात राहिला तो रात्रीचा विधी. देऊळ बंद होण्यापूर्वी सुंदरेश्वराच्या, म्हणजे मीनाक्षीचा पती असलेल्या शंकराच्या, पादुका पालखीतून, वाद्ये वाजवत, मीनाक्षीच्या शेजघरी नेतात आणि सकाळी परत आणतात. इथे देव देवीच्या घरी जातो आणि दर्शनही आधी तिचे घेतात, कारण ती पांड्य राजाची कन्या, स्वतः राज्य केलेली राणी. ज्या घरात बायकोचा शब्द चालतो त्या घराला तमिळ लोक थट्टेने ‘मदुराई’ म्हणतात आणि नवऱ्याचा चालत असेल तर ‘चिदंबरम’, कारण तिथे मान नटराजाचा. आमचे घर कोणते, हे ठरवायला मुलांना वेळ लागला नाही.

या चार दिवसांत एक प्रश्न अवघड गेला. गाभाऱ्याकडे जाताना, हिंदू नसलेल्यांना पुढे प्रवेश नाही, अशी पाटी आहे. नातीची वर्गमैत्रीण ताजबागच्या दर्ग्याजवळ राहणारी, मुसलमान. ‘‘ती आली असती तर?’’ असे तिने विचारले. मी खोटे उत्तर दिले नाही. बाहेरच थांबावे लागले असते, असे सांगितले आणि त्याच ओट्यावर बसून 8 जुलै 1939 ची गोष्ट सांगितली. त्या दिवशी मदुराईचे गांधीवादी कार्यकर्ते वैद्यनाथ अय्यर काही दलित आणि नाडार या तमिळ जातीच्या मंडळींना बरोबर घेऊन याच देवळात गेले. त्यापूर्वी त्यांना आत पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. विरोध झाला, पुजाऱ्यांनी शुद्धीकरणाची भाषा केली, आणि त्याच वर्षी मद्रास सरकारने मंदिरप्रवेशाचा कायदा केला. बाबासाहेबांचा काळाराम मंदिराचा सत्याग्रह 1930 चा आणि पंढरपूरसाठी साने गुरुजींचे उपोषण 1947 चे. नागपूरच्या ज्या मुलाची शाळेची व्हॅन रोज दीक्षाभूमीवरून जाते, त्याला मंदिराचे दार ही साधी गोष्ट नाही, हे कळायला हवे. श्रद्धेची ओळख करून द्यायची आणि तिने कोणाला बाहेर ठेवले ते लपवायचे, हे मला जमणारे नाही.

चित्तिरै उत्सव आम्हाला पाहता आला नाही. तो एप्रिल-मेमध्ये येतो आणि आपल्याकडच्या परीक्षांशी त्याची गाठ पडते. मीनाक्षीच्या लग्नासाठी तिचा भाऊ अळगर डोंगरावरून निघतो, त्याला उशीर होतो, लग्न लागून गेल्याचे कळते आणि तो वैगई नदीत उतरून मागे फिरतो, ही कथा मात्र लॉजच्या व्यवस्थापकाने मोडक्या हिंदीत फार रंगवून सांगितली. अळगरने हिरवे वस्त्र नेसले तर पीकपाणी चांगले, असे लोक मानतात. आपल्या भेंडवळच्या घटमांडणीकडे डोळे लावून बसणाऱ्या शेतकऱ्याला हे परके वाटू नये.

गांधीजींनी अंगरखा-टोपी सोडून पंचा स्वीकारला तो याच गावी, 22 सप्टेंबर 1921 रोजी, म्हणजे नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनानंतर वर्षही झाले नव्हते तेव्हा. राणी मंगम्मालच्या जुन्या वाड्यातील गांधी संग्रहालयात मुलांना अर्धा दिवस पुरला नाही.

शाळांच्या सहलींबाबतही हेच सांगावेसे वाटते. पाच गावांऐवजी एकच गाव निवडावे, दुपारी देवळे बंद असतात ते तास बाजारात आणि विणकरांच्या गल्लीत घालवावेत (मदुराईतील सौराष्ट्री विणकर घरात जी भाषा बोलतात तिचे गुजराती-मराठीशी नाते आहे, मुलांना ओळखीचे शब्द शोधू द्यावेत), आणि निघण्याआधी निदान दहा तमिळ शब्द मुलांकडून पाठ करून घ्यावेत. खर्चही कमी येतो, कारण बसच्या डिझेलवर जाणारे पैसे वाचतात.

परतल्यानंतरच्या आठवड्यात नातीला घेऊन कापड घ्यायला इतवारीत गेलो होतो. तिकडे रस्त्यांना महिन्यांची नावे आहेत, मग आपल्याकडे इतवारी, बुधवारी, शुक्रवारी अशी वारांची का, असे तिने रिक्षात विचारले. त्या त्या वारी भरणाऱ्या बाजारांवरून, असे मी सांगितले. ‘‘मग आज मंगळवार आहे, आपण मंगळवारीत जायला हवं होतं,’’ असे म्हणून तिने वहीचे नवे पान काढले आणि नागपूरचा नकाशा काढायला घेतला.

आपला,
एक आजोबा, प्रतापनगर, नागपूर