वळिवड्याची छावणी आणि आश्रयाचे नियम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश छावणीचा विषय निघाला की आपण कोल्हापूरच्या मोठ्या मनाबद्दल बोलतो. मन मोठे होतेच. पण १९४३ ते १९४८ या काळात दुसऱ्या महायुद्धाने बेघर झालेली सुमारे पाच हजार पोलिश माणसे, त्यातही बहुतेक बायका-मुले, तिथे शाळा, दवाखाना आणि चर्चसह राहिली ती नुसत्या मनाच्या मोठेपणावर नव्हे. खर्च कोणी करायचा हे आधी ठरले होते. तो भार लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारने घेतला होता. घोळ झाला तो शेवटच्या टप्प्यावर. युद्ध संपले, पोलंडवर सोव्हिएत वर्चस्व आले, अनेकांना परतायचे नव्हते आणि त्यांना कोणत्या देशाने घ्यायचे याचा नियमच नव्हता.

त्याच जागी फाळणीनंतर सिंधी कुटुंबे आली, आजचे गांधीनगर उभे राहिले. त्यांच्यासाठी मात्र नियम होता. राज्यघटनेच्या अनुच्छेद ६ नुसार, अविभक्त भारतात मूळ असलेला आणि १९ जुलै १९४८ पूर्वी इकडे येऊन राहिलेला माणूस नागरिक ठरला. त्यानंतर आलेल्याला सहा महिन्यांचे वास्तव्य आणि नोंदणी आवश्यक होती. कोणत्या बराकीत कोण राहिले यापेक्षा कोणाच्या हातात कोणता कागद होता, यावर पुढचे सगळे ठरले.

निर्वासितांबाबतचा १९५१ चा जिनिव्हा करार आणि त्याची काळाची व प्रदेशाची मर्यादा काढणारा १९६७ चा प्रोटोकॉल यांनी हा कागद सर्व देशांसाठी सारखा करायचा प्रयत्न केला. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत, या पाचपैकी एका कारणाने छळ होण्याची साधार भीती असेल आणि माणूस स्वदेशाबाहेर असेल, तर तो निर्वासित. कलम ३३ प्रमाणे त्याला धोक्याच्या ठिकाणी परत ढकलता येत नाही. कलम ३१ प्रमाणे धोक्यातून थेट आलेल्याला, त्याने विनाविलंब अधिकाऱ्यांपुढे हजर होऊन कारण सांगितले तर, बेकायदा प्रवेशाबद्दल शिक्षा करता येत नाही. आपल्या बातम्यांत सरसकट 'घुसखोर' छापताना हे दुसरे कलम कोणाच्या ध्यानात नसते. भारताने करारावर सही केलेली नाही हे खरे, पण शब्द निवडायला सही लागत नाही.

व्याख्या सारखी असली म्हणून निकाल सारखे लागत नाहीत, हे युरोपने पाहिले. युरोपीय संघाच्या डब्लिन नियमाप्रमाणे बहुधा ज्या देशातून माणूस आत आला त्यानेच अर्ज तपासायचा. भार ग्रीस-इटलीवर पडला. २०११ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने एका अफगाण अर्जदाराच्या खटल्यात ग्रीसला अमानुष वागणुकीबद्दल दोषी धरले आणि, हे महत्त्वाचे, ती हालाखी ठाऊक असून त्याला तिकडे पाठवणाऱ्या बेल्जियमलाही. २०२४ च्या नव्या युरोपीय कराराने अर्जाची कार्यपद्धती आणि पात्रतेचे निकष, देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायच्या 'निर्देशां'तून काढून थेट लागू होणाऱ्या 'नियमां'त घातले. लागू होण्याची तारीख १२ जून २०२६ ठरली. सीमेवर सात दिवसांत ओळख, आरोग्य आणि सुरक्षा तपासणी करायची. ज्या देशांतून आलेल्यांच्या अर्जांना मंजुरी २० टक्के किंवा त्याहून कमी मिळते, तिथल्या अर्जदारांचा निकाल सीमेवरच, अपिलासह बारा आठवड्यांत लावायचा. भार वाटून घेताना माणसे घ्या, नाहीतर माणशी २०,००० युरो द्या, किंवा मनुष्यबळ-साहित्याची मदत करा. पण निवारा आणि भत्त्याचा भाग निर्देशच राहिला. सहा महिन्यांत कामाची परवानगी द्यायची ही मुदत सगळ्यांना सारखी. खोली केवढी आणि भत्ता किती हे ज्या-त्या देशाच्या तिजोरीवर. शिवाय छळ सोसलेला माणूस सात दिवसांत, दुभाष्यामार्फत, अनोळखी अधिकाऱ्याला सगळे सांगेल ही अपेक्षा भाबडी आहे. न सांगितलेली गोष्ट पुढे सांगितली की ती 'नंतर रचलेली' ठरते.

पुनर्वसन म्हटले की आपल्याला धरणग्रस्त आठवतात. इथे अर्थ वेगळा: पहिल्या आश्रयदेशातून तिसऱ्या देशात कायमचे जाणे. त्यासाठी सहसा स्वतः अर्ज करता येत नाही. संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था नावे सुचवते, देश मुलाखत घेऊन ठरवतो, मग सुरक्षा चौकशी आणि वैद्यकीय तपासणी. प्रत्येकीची मुदत वेगळी, त्यामुळे एक पूर्ण होईतो दुसरी संपते आणि फेरा पुन्हा सुरू होतो. मधे मूल जन्मले की फाइल आणखी लांबते. घ्यायलाच हवे असे बंधन १९५१ च्या करारातही नाही. वर्षाला जगातल्या निर्वासितांपैकी एक टक्काही असे जात नाहीत.

आपल्याकडे १ सप्टेंबर २०२५ पासून नवा आप्रवास व विदेशी नागरिक कायदा लागू आहे. त्यात 'निर्वासित' ही व्याख्याच नाही. पासपोर्ट-व्हिसाच्या अटीतून सूट देणाऱ्या सोबतच्या आदेशात गट आणि तारखा आहेत: ९ जानेवारी २०१५ पर्यंत आश्रय घेतलेले नोंदणीकृत श्रीलंकन तमिळ, ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेले अफगाणिस्तान, बांगलादेश व पाकिस्तानातले सहा अल्पसंख्याक समाज, तिबेटींसाठी आणखी वेगळे. म्यानमारमधला चिन समाजाचा माणूस किंवा रोहिंग्या यात बसत नाही. त्यांच्यापैकी अनेकांकडे संयुक्त राष्ट्रांचे कार्ड असते, पण ते वास्तव्याचा परवाना नव्हे. एकाच देशात शेजारी राहणाऱ्या दोन निर्वासितांना दोन न्याय. आपण गट आणि तारीख बघतो, एकेका माणसाची भीती तपासत नाही. १९९६ मध्ये अरुणाचलमधल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद २१ चे, म्हणजे जीविताच्या हक्काचे, संरक्षण परदेशी माणसालाही आहे असे सांगितले. पण त्यासाठी आधी न्यायालयापर्यंत पोहोचावे लागते.

करारावर सही होवो न होवो, केंद्राला पानभराची कार्यपद्धती काढता येईल: 'परत पाठवलात तर जीव जाईल' असे कोणी ठाण्यात म्हणाला तर नोंद कोणी करायची, किती दिवसांत, दुभाषी कोणी आणायचा, नकाराचे कारण लेखी मिळेल का, अपील कुठे, आणि तोवर हद्दपारी थांबेल का. गांधीनगर पोलीस ठाण्यातल्या ठाणे अंमलदाराला आज यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर त्या कायद्यात सापडणार नाही.

आपला वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर