पंधरा माणसं आणि एक सांगणारी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली प्राथमिक शिक्षिका. राहते सोलापूरच्या पूर्व भागात. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत कन्नड आणि उर्दू, असं ज्यांचं बालपण गेलं त्या हजारो सोलापूरकरांपैकी मी एक. वडील विणकर होते. शाळेतून आलं की दप्तर कोपऱ्यात ठेवायचं आणि कांड्या भरायला, म्हणजे विणायचं सूत छोट्या नळ्यांवर गुंडाळायला बसायचं. पुढे या कांड्यांचा संबंध येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

गेल्या वर्षी दोन महिने लेकीकडे नेदरलँड्सला होते. अॅम्स्टरडॅमला लागून अॅम्स्टलव्हेन नावाचं गाव आहे, तिथे आपली बरीच भारतीय मुलं राहतात, तशीच तीही. एका शनिवारी तिने मला न विचारता अॅम्स्टरडॅमच्या पायी सहलीची दोन तिकिटं काढली. अडीच तास चालायचं, तेही इंग्रजीत. माझे गुडघे दुखतात आणि भरभर बोललेलं इंग्रजी मला झेपत नाही. मी नको म्हटलं. ती म्हणाली, "अम्मा, आठच माणसं आहेत. दमलीस तर सगळे थांबतील."

खरंच आठच होतो. आम्ही मायलेकी, एक पोर्तुगीज जोडपं, दोन मैत्रिणी, एक आजोबा आणि त्यांचा नातू. सांगणाऱ्या बाई सत्तरीकडे झुकलेल्या, माझ्यासारख्याच निवृत्त शिक्षिका. हातात ना झेंडा, ना माइक. छत्री तेवढी होती, कारण पाऊस भुरभुरत होता. त्यांनी आधी प्रत्येकाला नाव आणि गाव विचारलं. मी सोलापूर म्हटलं. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं आणि पुढचे अडीच तास एकदाही चुकीचं उच्चारलं नाही.

सुरुवात वेस्टरकेर्क या चर्चपाशी झाली. चित्रकार रेम्ब्रांला १६६९ साली इथेच पुरलं. चर्चपासून चार पावलांवर, प्रिन्सेनग्राख्त या कालव्याच्या काठी २६३ नंबरचं घर आहे. जिची डायरी पुढे जगभर वाचली गेली ती ज्यू मुलगी ॲन फ्रँक आणि तिच्या घरचे नाझींपासून वाचायला जुलै १९४२ पासून ऑगस्ट १९४४ पर्यंत त्याच्या मागच्या भागात लपून राहिले. दारापुढे मोठी रांग होती. बाईंनी आम्हाला रांगेपासून लांब, कालव्याच्या कठड्याशी नेलं आणि आमच्याकडे बोट करून मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, थेट आठपर्यंत. म्हणाल्या, "आत आठच माणसं होती. आत्ता इथे जितके तुम्ही आहात तितकीच. दिवसा पाण्याचा नळसुद्धा सोडायचा नाही. त्या आठांपैकी ॲनचे वडील तेवढे परत आले." मग त्या गप्प राहिल्या. आजोबांनी नातवाचा हात धरला. मी वर्गात हा धडा कितीतरी वेळा सांगितला असेल, पण आठ म्हणजे किती हे मला त्या कठड्याशी उभं राहिल्यावर कळलं. पन्नास माणसांच्या घोळक्याला हे असं मोजून दाखवता आलं नसतं.

तिथून आम्ही एकेक कालवा ओलांडत आत आलो. आधी प्रिन्सेनग्राख्त, मग कायझर्सग्राख्त, मग हेरेनग्राख्त. राजपुत्रांचा, सम्राटाचा आणि प्रतिष्ठितांचा, अशी ही नावं. हे कालवे १६१३ पासून खणायला घेतले. दलदलीच्या जमिनीत पाण्याला वाट करून दिली आणि त्याच वाटेने माल दारापर्यंत आणला. २०१० मध्ये युनेस्कोने हा सगळा पट्टा जागतिक वारशात घेतला.

काठावरची घरं अरुंद आणि उंच आहेत, आणि पुष्कळशी पुढे झुकलेली. मला वाटलं, जुनी झाली म्हणून कलली असतील. बाई म्हणाल्या, काही तशीही आहेत, पण बरीचशी मुद्दामच पुढे कललेली बांधली आहेत, वर बघा. प्रत्येक घराच्या माथ्यावर एक तुळई बाहेर आलेली आणि तिला लोखंडी आकडा. जिने इतके अरुंद की त्यावरून माल चढवणं अशक्य. म्हणून आकड्याला दोर लावायचा आणि गाठी खिडकीतून थेट माळ्यावर ओढायच्या. भिंत पुढे कललेली असल्यामुळे गाठ भिंतीवर आपटत नाही. आजही कपाटं, पलंग असेच वर चढवतात. हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे आमचं जुनं घर आलं. वरच्या खोलीत सुताच्या गाठी न्यायच्या तर वडील आणि काका लाकडी जिन्यावर एक पुढे, एक मागे होऊन घामाघूम व्हायचे. असा एक आकडा आमच्या दारावर असता तर! मी हे लेकीच्या कानात सांगितलं. बाईंनी लगेच विचारलं, "आई काय म्हणाल्या?" लेकीने सांगितल्यावर सगळे पुन्हा एकदा वर बघायला लागले.

डाम चौकातल्या राजवाड्यापाशी जे ऐकलं, ते शिक्षिका म्हणून कधी विसरणार नाही. सतराव्या शतकात नगरभवन म्हणून बांधलेली ही अवाढव्य दगडी इमारत लाकडी खांबांवर उभी आहे. वरची जमीन भुसभुशीत, म्हणून खालच्या वाळूच्या थरापर्यंत खांब ठोकले. लाकूड पाण्याखाली बुडून राहिलं तर कुजत नाही, हवा लागली की कुजतं. म्हणून भूजलाची पातळी तिथे डोळ्यांत तेल घालून सांभाळावी लागते. खांब किती? तिथल्या शाळेतली मुलं हा आकडा असा लक्षात ठेवतात : वर्षाचे दिवस ३६५, त्याच्या आधी १ आणि शेवटी ९. म्हणजे १३,६५९. मी तळहातावर बोटाने लिहून पाहिलं. नातवानेही लिहिलं.

शेवटचा थांबा औडे होखस्ट्राट या गल्लीतलं एक अंगण. चारी बाजूंनी लाल विटांची इमारत. आता तिथे विद्यापीठ आहे, पूर्वी डच ईस्ट इंडिया कंपनीचं मुख्य ठाणं होतं. कंपनीची स्थापना १६०२ मधली. आपल्या वेंगुर्ल्यात डच वखारीचे पडके अवशेष आहेत, ती वखार याच कंपनीची. बाईंनी मसाल्याच्या व्यापाराचं सांगितलं, आणि १६२१ साली जायफळासाठी इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर कंपनीने माणसं कशी मारली तेही सांगितलं, आवाज न चढवता आणि काहीही न झाकता. गुलामगिरीतल्या शहराच्या वाट्याबद्दल महापौरांनी १ जुलै २०२१ रोजी माफी मागितली, हेही सांगितलं. मग म्हणाल्या, मसाला घ्यायला कंपनी भारताचं कापड न्यायची, कारण बेटांवर त्यालाच मागणी होती. कोरोमंडलच्या किनाऱ्यावरून, मच्छलीपट्टणमहून रंगवलेलं सुती कापड यायचं. त्याला डच भाषेत आजही 'सिट्स' म्हणतात.

सिट्स म्हणजे आपलं चीट! माझी आजी चिटाचं परकर म्हणायची ते. मी मोठ्यानेच बोलले, चक्क मराठीत. बाई माझ्याकडे वळल्या. लेकीने सांगितलं की आमचे पूर्वज तेलंगणातून आलेले पद्मशाली, विणकरांच्याच घरातली ही. तेव्हा त्या बाई म्हणाल्या, "मी या अंगणात इतकी वर्षं कापडाबद्दल सांगते आहे, पण ते विणतात कसं हे मला माहीत नाही. तुम्ही सांगाल का?"

मग मी सांगितलं. सुताची लड चरख्याच्या फाळक्यावर, म्हणजे फिरत्या चौकटीवर, कशी चढवायची, धागा डाव्या हाताच्या दोन बोटांतून कसा सोडायचा, बोटांना घट्टे कुठे पडतात, कांडी सैल भरली तर धोट्यात, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या लाकडी नावेत, कशी अडकते आणि मागावरचे वडील आतून कसे ओरडतात. सगळं हातवारे करून सांगितलं, लेक इंग्रजीत सांगत गेली. पाऊस पडतच होता. आजोबांनी माझी बोटं बघायला मागितली. घट्टे आता राहिले नाहीत, पण जागा दाखवली.

संपादक महाराज, हे सगळं प्रवासवर्णन म्हणून लिहीत नाही. परत येताना बाईंनी सांगितलं की पायी सहलीच्या गटात पंधराहून जास्त माणसं असू नयेत असा तिथल्या पालिकेचा नियमच आहे. गर्दीचा रहिवाशांना त्रास होतो म्हणून तो केला, आणि २०२० पासून काही वस्त्यांमधून गट न्यायला बंदीही आहे. नियम रहिवाशांसाठी केला, पण त्याचा खरा फायदा मला झाला. मी ऐकलं, मी विचारलं आणि शेवटी मी सांगितलंही.

आपल्याकडे अशा फेऱ्या होत नाहीत असं नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी एका रविवारी मी शेजारच्या चौथीतल्या मुलीला घेऊन अशाच एका फेरीला गेले होते. आयोजकांचं नाव घेत नाही, त्यांचा हेतू चांगला होता. दोनशेच्या वर माणसं. टोप्या वाटल्या, झेंडा दाखवला, फोटो झाले. भुईकोट किल्ल्याशी पोचलो तेव्हा पुढची माणसं दरवाजातून आत गेली होती आणि आम्ही रस्त्यावरच. कर्ण्यातून नुसता खरखर आवाज येत होता. ती पोरगी मला विचारत होती, "बाई, किल्ला तळ्याला एवढा चिकटून का बांधला?" किती नेमका प्रश्न! तीन बाजूंना खंदक आणि चौथ्या बाजूला सिद्धेश्वर तलाव, म्हणजे तलावच खंदकाचं काम करतो. मी तिला सांगितलं खरं, पण सांगायला ज्यांना बोलावलं होतं त्यांच्यापर्यंत तिचा प्रश्न पोचलाच नाही. अर्ध्या वाटेवरून आम्ही परत आलो. ती पुन्हा कधी अशा फेरीला यायला तयार झाली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि सोलापूरला चालत गाव दाखवणं काही नवं नाही हो! सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापन केली. दर संक्रांतीला सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या घेऊन, पांढऱ्या बाराबंदीत माणसं त्या लिंगांना तैलाभिषेक करत फिरतात. त्या वाटेवरचा प्रत्येक बोळ, प्रत्येक कट्टा त्यांना पाठ आहे. वर्षभर त्याच वाटेने बारा-पंधरा माणसांना घेऊन कुणी का जात नाही?

तसंच १९३० चं. नगरपालिकेवर राष्ट्रध्वज फडकला, मे महिन्यात मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. चार हुतात्मा चौकातून आपण रोज जातो. तिथे उभं राहून ही चार नावं, हे चार धर्म-जातींचे तरुण आणि त्यांची ती एक पहाट कुणीतरी शांतपणे सांगायला हवी.

पण माझा जीव सर्वांत जास्त तुटतो तो गिरण्यांसाठी आणि मागांसाठी. १८७७ ची जुनी मिल, तिच्यानंतरच्या गिरण्या. भोंगा झाला की गल्लीत चपलांचा आवाज सुरू व्हायचा. आज सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण चादरीवरचं मोराचं नक्षीकाम जकार्ड मागाच्या पंचकार्डावर, म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर, कसं उतरतं, हे सोलापुरातल्याच मुलांना ठाऊक नाही. माग चालू असतो त्या खोलीत कानावर हात ठेवून दोन मिनिटं उभं राहिलं तरी पोरांना कळेल. त्या खोलीत पंधराच काय, आठच माणसं मावतात. म्हणजे गट लहान ठेवायची सोय आपल्या घरांनीच करून ठेवली आहे.

म्हणून महापालिकेला, विद्यापीठाला आणि गावातल्या इतिहासप्रेमी मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे. फलक, रोषणाई, सेल्फी पॉइंट होत राहतील. आधी सांगणारी माणसं तयार करा. निवृत्त गिरणी कामगार, जॉबर म्हणजे गिरणीतले मुकादम, कांड्या भरणाऱ्या आणि विड्या वळणाऱ्या बायका, मानकरी, जुने शिक्षक यांना बोलवा. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, ज्याला जी भाषा येते तिच्यात सांगू द्या. त्यांना मानधन द्या, कारण फुकट सांगायला लावलं की चार रविवारांनंतर कुणी येत नाही. गटात पंधराच माणसं असावीत, हा नियम लिहूनच ठेवा. आणि फेरी सकाळी सातला सुरू करून नऊला संपवा, सोलापूरचं ऊन आपल्याला माहीत आहे.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक आजोबा राहतात, वय चौऱ्याऐंशी. गिरणीत माग खात्यावर होते. कुठल्या मिलचा भोंगा कसा वाजायचा हे ते अजून तोंडाने काढून दाखवतात. त्यांना आता फारसं ऐकू येत नाही, पण बोलतात खणखणीत. गेल्या आठवड्यात मी त्यांना विचारून आले आहे. रविवारी सकाळी ते कट्ट्यावर बसायला तयार आहेत. शेजारच्या घरात एक चरखा अजून चालू स्थितीत आहे. कांडी भरून दाखवायचं काम माझं.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
पूर्व भाग, सोलापूर