मालक बदलला की संघाचे दिवस पालटतात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतला टॅम्पा बे रेज हा बेसबॉल संघ विकला गेल्याची बातमी आपल्या क्रीडा पानावर वाचली. २०२५ च्या मोसमात ७७ विजय आणि ८५ पराभव, त्यावर मालकबदल, किंमत साधारण १७० कोटी डॉलर, आणि शेवटी एक वाक्य, की नव्या मालकामुळे आता संघाचे दिवस पालटतील. सोलापूरच्या पेपरात बेसबॉलला चौकट मिळाली याचा आनंद आहेच. एरवी आमच्या खेळाची आठवण होते ती पुरस्कारांच्या यादीत एखादं नाव झळकलं तर. पण त्या शेवटच्या वाक्यावर चार ओळी लिहाव्यात असं वाटलं. चाराच्या चाळीस झाल्या तर कात्री तुमच्या हातात आहे.

मी पूर्व भागातल्या एका शाळेत क्रीडा शिक्षिका होते. सॉफ्टबॉल शिकवला, पुढे बेसबॉलही. माझ्या मुली विणकरांच्या आणि विडी कामगारांच्या घरातल्या. सकाळी मैदानावर फक्की मारून डायमंड, म्हणजे चार बेसचा चौकोन, आखायचा. ग्लोव्ह कमी, म्हणून इनिंग, म्हणजे डाव, बदलली की एका बाजूनं ग्लोव्ह जमिनीवर ठेवायचे आणि दुसरीनं उचलायचे. डावखुऱ्या पोरीसाठी वेगळा ग्लोव्ह कुठला असायला? ती डाव्या हाताचाच उजव्या हातात उलटा चढवायची आणि तसेच झेल घ्यायची. आम्ही पुष्कळ हरलो. हरल्यावर संध्याकाळी थ्रो कुठे सुटला, कोण बेस सोडून लवकर पळाली, याची उजळणी व्हायची. मालकानं हिशेब मांडून संघाला हरू द्यायचं, असंही काही असतं हे मला ठाऊक नव्हतं. ते ह्यूस्टनमुळे कळलं.

२०११ च्या ऑगस्टात मी भाचीकडे ह्यूस्टनला होते. ती मला तिथल्या ॲस्ट्रोज या बेसबॉल संघाचा सामना बघायला घेऊन गेली. त्यांच्या मैदानाचं नाव तेव्हा मिनिट मेड पार्क, वर सरकतं छप्पर. सेंटर फील्डला खेळायच्या हद्दीतच एक चढ, आणि त्या चढावर झेंड्याचा खांब! आपल्याकडे असं मैदान दिलं असतं तर पंचांनी आल्या पावली संघ परत पाठवले असते. मी खेळापेक्षा आधी लोकांचे शर्ट बघत बसले. कितीतरी जणांच्या पाठीवर हंटर पेन्स या खेळाडूचं नाव, आणि पेन्स तर जुलै संपता संपता फिलाडेल्फियाला देऊन टाकलेला. मायकेल बोर्नही त्याच आठवड्यात अटलांटाला गेला होता. लोक गेलेल्या माणसांचे शर्ट घालून उरलेल्यांचा खेळ बघत होते. उरलेल्यांत दुसऱ्या बेसवर एक व्हेनेझुएलाचा पोरगा होता, उंची जेमतेम साडेपाच फूट, महिन्याभरापूर्वीच वरच्या संघात आलेला. ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून येणारा चेंडू, आला की त्याचा डावा पाय आधी हलायचा आणि हात चेंडूच्या आधी जमिनीला टेकायचा. मी भाचीला म्हटलं, याचं नाव लिहून ठेव. होजे आल्टुवे.

तो मोसम ५६ विजय आणि १०६ पराभवांवर संपला. १९६२ पासून खेळणाऱ्या या संघानं शंभर पराभव त्याआधी कधी पाहिले नव्हते. नोव्हेंबरात ड्रेटन मॅक्लेन या जुन्या मालकाकडून संघ जिम क्रेनकडे गेला. किंमत ६८ कोटी डॉलर ठरली होती, पण हे सगळे संघ जिच्यात खेळतात त्या मेजर लीगनं एक अट घातली आणि तिच्या बदल्यात किमतीत मोठी सूट दिली. मेजर लीगचे दोन भाग, नॅशनल आणि अमेरिकन. अट अशी की पन्नास वर्षं नॅशनल लीगमध्ये खेळलेल्या संघानं २०१३ पासून अमेरिकन लीगमध्ये जायचं. बाहेरच्याला हा फरक नावापुरता वाटेल. पण नॅशनलमध्ये तेव्हा पिचरलाही, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यालाही, बॅटिंग करावी लागे, अमेरिकनमध्ये त्याच्याऐवजी दुसराच मारायला येई. म्हणजे बापानं मुलाला जो खेळ समजावून सांगितला तोच बदलला. खरेदीदाराला सूट मिळाली; तिकीट काढणाऱ्याला कुणी विचारलंही नाही.

आणि दिवस पालटले का? २०१२ मध्ये १०७ पराभव. २०१३ मध्ये १११, त्यातले शेवटचे १५ ओळीनं. त्या वर्षी सगळ्या खेळाडूंचा मिळून पगार अडीच कोटी डॉलरच्या आसपास होता. न्यूयॉर्क यांकीजचा एकटा ॲलेक्स रॉड्रिग्ज त्याहून जास्त घेत होता. सप्टेंबरातल्या एका सामन्याला ह्यूस्टन शहरात टीव्हीवरची प्रेक्षकसंख्या मोजली तर ती ०.० भरली. शून्य दशांश शून्य. लाखोंच्या शहरात मोजणीच्या यादीतलं एकही घर तो सामना लावून बसलेलं नव्हतं.

हे आळसानं झालेलं नव्हतं. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत आणि तळाला गेलेला खालच्या श्रेणीत ढकलला जात नाही. देशभरच्या टीव्ही कराराचा वाटा सगळ्यांना सारखा. उलट सगळ्यात जास्त हरणाऱ्याला पुढच्या वर्षी नव्या पोरांमधून पहिली निवड करायला मिळायची. मग कशाला महाग खेळाडू ठेवून ७५ सामने जिंकायचे? ५१ जिंकून पहिला नंबर घ्यायचा. ह्यूस्टननं २०१२, २०१३ आणि २०१४ अशी लागोपाठ तीन वर्षं पहिली निवड मिळवली. तिघांपैकी त्यांच्याकडून नावारूपाला आला एकच, कार्लोस कोरेया. मार्क ॲपेल ह्यूस्टनच्या मुख्य संघात कधी पोचलाच नाही, आणि ब्रेडी एकनशी तर करारच झाला नाही. (त्या फिसकटलेल्या कराराची भरपाई म्हणून पुढच्या वर्षी मिळालेल्या निवडीतून ॲलेक्स ब्रेगमन हाती लागला; नशीब म्हणतात ते हेच.)

आता कुणी म्हणेल, बाई, २०१७ ला तोच ह्यूस्टन जगज्जेता झाला ना? झाला. आल्टुवे त्या वर्षी अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, मला माझी पाठ थोपटून घ्यावीशी वाटली. इथल्या पहाटे साडेपाचला सामने सुरू व्हायचे आणि आमच्याकडे दूध आणायला कोणी जायचं नाही. पण जानेवारी २०२० मध्ये लीगच्या चौकशीतून बाहेर आलं की त्या मोसमात समोरचा कॅचर आपल्या पिचरला कुठला चेंडू टाकायचा याच्या ज्या खुणा करतो त्या कॅमेऱ्यानं टिपायच्या आणि डगआउटमागं, म्हणजे खेळाडू बसतात तिथे मागं, कचऱ्याचा डबा बडवून आपल्या बॅटरला कळवायचं, असा उद्योग चालला होता. जनरल मॅनेजर आणि मॅनेजर एका वर्षासाठी निलंबित, संघाला ५० लाख डॉलरचा दंड. मालकानं त्याच दिवशी दोघांना काढून टाकलं आणि स्वतः मोकळा झाला. खुणा ओळखणं हा खेळाचाच भाग आहे; माझ्या मुलीही दुसऱ्या बेसवरून ओळखायच्या. डबा वाजवणं नाही. तीन वर्षं हरणं हाच ज्यांचा हिशेब होता, त्यांना पुढे जिंकणंही हिशेबच वाटलं असणार, असं माझं मत आहे.

मालक बदलून चांगलंही होतं, हे मी नाकारत नाही. तुम्ही ज्याची बातमी दिलीत तो टॅम्पाचा संघच बघा. २००५ च्या शेवटी स्टुअर्ट स्टर्नबर्गच्या हाती कारभार आला तेव्हाही तो संघ ६७-९५ असा हरलेला होता. २००७ पर्यंत ढेपाळलेलाच राहिला आणि २००८ ला ९७ सामने जिंकून थेट वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेत. पैसा थोडा, डोकं फार. आता संघ विकणारा तो हाच स्टर्नबर्ग. घेणारा पॅट्रिक झालुप्स्की हा घरं बांधणारा माणूस. आणि ८५ पराभवांच्या ज्या मोसमाचा तुम्ही उल्लेख केलात तो संघ आपल्या मैदानावर खेळलेलाच नव्हता. ऑक्टोबर २०२४ च्या मिल्टन वादळानं ट्रॉपिकाना फील्डचं छप्पर फाडून नेलं, म्हणून घरचे सगळे सामने यांकीजच्या सराव मैदानावर, सुमारे अकरा हजार खुर्च्यांच्या, उघड्यावर. फ्लोरिडाचं ऊन आणि पाऊस. बातमीत ही एक ओळ आली असती तर ८५ चा अर्थ वाचकाला लागला असता.

दुसरी बाजू ओकलंडची. तिथे लोक मालक बदलावा म्हणून ओरडत होते आणि तो बदलला नाही. १३ जून २०२३. त्या मोसमात शेवटी ११२ सामने हरलेला ॲथलेटिक्स संघ, एरवी खुर्च्या ओस. त्या रात्री २७,७५९ लोक मुद्दाम आले, हिरव्या शर्टांवर एकच मागणी छापून: संघ विकून टाका. मालक जॉन फिशरला दाखवायचं होतं की प्रेक्षक नाहीत ही सबब खोटी आहे. समोर टॅम्पाचाच संघ होता, आणि ओकलंडनं तो सामना २-१ नं जिंकला. नोव्हेंबरात तिसच्या तीस मालकांनी संघ लास वेगासला न्यायला हात वर केले. २६ सप्टेंबर २०२४ ला ओकलंडमधला शेवटचा सामना झाला. आता लास वेगासचं मैदान होईपर्यंत तो संघ सॅक्रामेंटोजवळच्या एका छोट्या मैदानावर खेळतो, आणि नावात कुठलंच गाव लावत नाही. नुसता ॲथलेटिक्स. १९७२, ७३, ७४ अशी ओळीनं तीन विजेतेपदं ज्या गावात आली त्याचं नाव शर्टावरून गेलं.

सोलापूरकराला हे परकं वाटू नये. माझे वडील जुन्या मिलमध्ये साच्यावर होते. १९४९ च्या ऑगस्टात ती मिल बंद पडली, कारभार बिघडल्यामुळे. जानेवारी १९५० मध्ये, संविधान लागू व्हायच्या आधी, केंद्र सरकारनं खास वटहुकूम काढून तिचा ताबा घेतला. कारण दिलं की कापड ही गरजेची वस्तू आहे आणि कामगार बेकार झालेत. भागधारक सुप्रीम कोर्टात गेले आणि डिसेंबर १९५३ मध्ये एका भागधारकाच्या बाजूनं निकाल लागला, की भरपाई न देता मालमत्ता अशी घेता येत नाही. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो खटला आजही वाचावा लागतो. निकाल कोणाच्याही बाजूनं लागो, मालकाशिवाय आणखी कुणाचा तरी या जागेशी संबंध आहे हा प्रश्न तरी तिथे विचारला गेला. बेसबॉलमध्ये तो विचारायचीही सोय नाही. १९२२ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं मक्तेदारीविरोधी कायद्यातून हा खेळ वगळला. सान डिएगोच्या मालकीण जोन क्रॉक यांनी आपला संघ शहरालाच देऊन टाकायचं मनात आणलं होतं, तेव्हा बाकीच्या मालकांनी ते होऊ दिलं नाही.

शहराचं नाव विकण्यात आपणही आता मागे नाही. २०२३ च्या पहिल्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये सोलापूर रॉयल्स नावाचा संघ होता. शर्टावर सोलापूर, आणि सामने सगळे गहुंजेला. बघायला जायचं तर हुतात्मा एक्स्प्रेस धरून पुणं गाठा, आणि तिथून पुढे मुंबईच्या वाटेला लागा. पार्क मैदान इथेच होतं. उद्या असला संघ हरला, विकला गेला, दुसऱ्या जिल्ह्याचं नाव लावून आला, तर तुम्ही-आम्ही कोणत्या कागदावर बोट ठेवणार? म्हणून माझं म्हणणं एवढंच की विक्रीच्या करारात गावासाठी अटी असाव्यात: इतके सामने गावात, इतका खर्च खेळाडूंवर, नाव न्यायचं तर गावाला विचारून. ह्यूस्टनच्या विक्रीत लीगला अट घालता आली, मग गावाला का येऊ नये?

आपल्याला विनंती अशी. पुढच्या वर्षी रेजची बातमी द्याल तेव्हा नव्या मालकानं खेळाडूंच्या पगारावर किती खर्च केला आणि २०२८ ला ट्रॉपिकाना फील्डचा करार संपल्यावर संघ कुठे जाणार, हे दोन आकडे-पत्ते जरूर छापा. आणि पान भरायला काही कमी पडलं, तर आमच्या जिल्हा सॉफ्टबॉल स्पर्धेचे निकाल इनिंगवार स्कोअरसह आणि पिचरच्या नावासह द्या. मुली तो कागद कापून वहीत ठेवतात.

आपली,
एक निवृत्त क्रीडा शिक्षिका,
पूर्व भाग, सोलापूर