झाड हलवण्याआधी मुळांना मुदत द्यावी

महोदय,

पावसाळा तोंडावर आला की बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या आवारातील दाटीत अडकलेली झाडे हलवण्याची लगबग सुरू होते. रोप लावताना ते हातभर असते, त्यामुळे दोन रोपांत चार फूट अंतर पुरेसे वाटते. दहा वर्षांनी मात्र एकाच्या सावलीत दुसरे उन्हासाठी वाकडे होत भिंतीवर रेलते. अशा झाडावर कुऱ्हाड न चालवता त्याला मोकळी जागा द्यावी, हा विचार उत्तमच आहे, पण तो अमलात आणताना आपण फार घाई करतो.

आमच्या आवारातील एक कडुनिंब काही वर्षांपूर्वी यंत्राने एका दुपारीत उपटून दुसरीकडे लावला गेला. मुळांवरची माती वाटेतच गळून पडली होती. महिन्याभरात पालवी फुटली म्हणून आम्ही निर्धास्त झालो. ती खोडात साठलेल्या अन्नावर फुटली होती, हे दिवाळीच्या सुमारास साल सुटू लागली तेव्हा कळले. पाणी शोषणारी तंतुमुळे बुंध्याशी नसतात, ती फांद्यांच्या घेरापलीकडेही पसरलेली असतात, आणि झाड एकदम उपटले की त्यांतली बहुतेक जुन्या जागीच राहतात. त्या झाडाची हळहळ मला अजून वाटते.

पुढे पर्जन्यवृक्षाखाली दबलेली बकुळ हलवायची वेळ आली, तेव्हा एका जुन्या माळीकाकांनी आम्हाला आठ महिने थांबवले. बुंधा चार इंच जाडीचा, म्हणून त्याच्या साधारण दहापट, म्हणजे साडेतीन फूट व्यासाचे वर्तुळ त्यांनी आखले. ऑक्टोबरमध्ये अर्ध्या वर्तुळावर चर खणून मुळे धारदार करवतीने कापली आणि चरात शेणखत व पोयट्याची माती भरली. उरलेला अर्धा भाग फेब्रुवारीत घेतला. जूनमध्ये चर उकरला, तेव्हा कापलेल्या प्रत्येक टोकाला दाढीसारखी पांढरी मुळे फुटलेली दिसली. मग हुंडी, म्हणजे मुळांसकटचा मातीचा गोळा, गोणपाटात सुतळीने घट्ट बांधली (तिचे वजन अर्ध्या टनाहून अधिक भरले असावे, छोटी क्रेन आणावी लागली), बुंध्यावर खुणेने नोंदवलेली उत्तर दिशा राखून आणि पूर्वीच्याच खोलीवर झाड बसवले. त्यानंतर दोन उन्हाळे आळ्यात पाणी आणि पालापाचोळ्याचे आच्छादन चुकू दिले नाही.

महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार शहरांतील झाडांचे रक्षण हे वृक्ष प्राधिकरणाचे काम आहे. माझी कळकळीची विनंती अशी की, पुनर्रोपणाची परवानगी देताना प्राधिकरणाने चर कधी खणला, हुंडीचा व्यास किती राहील आणि पुढील दोन वर्षे पाणी कोण घालणार, या तिन्ही गोष्टी अर्जदाराकडून लेखी घ्याव्यात आणि चर खणल्याची जागेवर पाहणी झाल्याशिवाय झाड हलवू देऊ नये.

– एक वाचक, पुणे