अर्जातला पाचवा रकाना

मा. संपादक,
स. न.

परदेशी शिक्षणाच्या बातम्या आपण नेमाने छापता. शिष्यवृत्तीची रक्कम, मुदत, लागणारी कागदपत्रं, सगळं त्यात असतं आणि मला त्याचा फार उपयोग झाला आहे. आज मात्र एका अशा अर्जाबद्दल लिहिते आहे जो कुणी पैशासाठी भरत नाही. मी मूळची हिंगोलीची, अमेरिकेत भौतिकशास्त्रात पीएच.डी. करते, चौथं वर्ष चालू आहे. यंदा मी माझ्या विद्यापीठातल्या एडवर्ड बुशे ग्रॅज्युएट ऑनर सोसायटीच्या शाखेकडे अर्ज केला. येल आणि हॉवर्ड या दोन विद्यापीठांनी मिळून 2005 मध्ये ही संस्था काढली. ज्या समाजांतली माणसं विद्यापीठात फारशी दिसत नाहीत त्यांनी संशोधनात यावं, टिकावं आणि पुढे शिकवायला उभं राहावं, हे तिचं काम.

बुशे कोण हे मलाही अर्ज भरायला बसेपर्यंत माहीत नव्हतं. जन्म 1852, न्यू हेवन. वडील त्याच गावातल्या येलमध्ये झाडलोटीच्या कामाला. मुलगा तिथंच शिकला आणि 1876 मध्ये भौतिकशास्त्रात पीएच.डी. झाला. अमेरिकेत पीएच.डी. मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय माणूस. प्रबंधाचा विषय वाचला आणि मी खुर्चीत सरळ होऊन बसले: अपवर्तनांक, म्हणजे काचेसारख्या पदार्थात शिरताना प्रकाश किती वाकतो ते सांगणारा आकडा, मोजणं. बी.एस्सी.ला आपल्याकडे ज्यांनी ज्यांनी भौतिकशास्त्र घेतलं त्यांना हा प्रयोग पाठ असेल. अंधाऱ्या खोलीत सोडियमचा दिवा, स्पेक्ट्रोमीटरवर प्रिझम, दुर्बिणीला डोळा. प्रिझम हळूहळू फिरवत नेलं की पिवळी रेघ सरकत येते, एका जागी थबकते आणि माघारी फिरते. ती थबकते तिथला कोन व्हर्नियरच्या बारीक पट्टीवर वाचायचा, त्यावरून अपवर्तनांक काढता येतो. आमच्या कॉलेजात दोनच स्पेक्ट्रोमीटर होते आणि आम्ही चाळीस जण. ती थबकलेली रेघ पाहूनच मी ठरवलं होतं की पुढे हेच शिकायचं.

एवढं शिकून बुशेंना एकाही गोऱ्या विद्यापीठानं नोकरी दिली नाही. फिलाडेल्फियात कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेत त्यांनी 26 वर्षं भौतिक आणि रसायनशास्त्र शिकवलं. 1902 मध्ये त्या शाळेनं कारागिरीच्या शिक्षणाकडे मोहरा वळवला आणि त्यांची नोकरी गेली. 1918 मध्ये ते वारले. त्यांच्या कबरीवर नावाचा दगड बसला तो 1998 मध्ये, येलनंच बसवला. हे वाचल्यावर दोन दिवस माझ्याच्यानं अर्जाला हात लाववला नाही.

अर्जात पाच गोष्टी पाहतात: विद्वत्ता, नेतृत्व, चारित्र्य, सेवा आणि पाचवी म्हणजे दुसऱ्यांची बाजू घेऊन उभं राहणं. शिफारसपत्रं लागतात आणि स्वतःबद्दलचं निवेदन लागतं. माझ्या निवेदनाचा पहिला खर्डा म्हणजे नुसते शोधनिबंध, परिषदा आणि गुण. माझ्या मार्गदर्शक बाईंनी तो वाचला आणि विचारलं, यात तू कुठे आहेस? मला खरंच कळेना की त्यांना काय हवंय. माझे बाबा हळदीच्या मार्केटात हमाल. त्यांच्या शर्टाचा पिवळेपणा कितीही धुतला तरी जायचा नाही, आणि शाळेत पालकसभेला ते आले की मी मागच्या बाकावर जाऊन बसायची. हे अर्जात लिहायचं असतं असं मला कधी वाटलंच नव्हतं. बारावीनंतरच्या दोन उन्हाळ्यांत मार्केटच्या रिकाम्या शेडमध्ये मी हमालांच्या मुलींचं गणित घ्यायची, पोत्यांच्या थप्पीवर खडूनं लिहून. तेही मी लिहिलं नव्हतं. आता दर रविवारी गावाकडच्या सहा मुलींना फोनवरून अर्ज कसा लिहायचा ते सांगते, तेही नाही. आपल्याकडे अशा गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात, हेच अंगात मुरलेलं.

मग सगळं पुन्हा लिहिलं. बाबांबद्दलचा परिच्छेद आधी मराठीत लिहिला, कारण इंग्रजीत तो शर्ट येईना.

त्या वेळी मला माझा गावाकडचा एक जुना अर्ज आठवत होता. शिष्यवृत्तीचा. बाबांच्या नावात एका कागदावर 'राव' होतं आणि दुसऱ्यावर नव्हतं, म्हणून तो एका कार्यालयातून तीनदा परत आला. बाबांचे तीन खाडे पडले. कागद तपासावेतच, त्याला माझी ना नाही. राखीव जागा आणि शिष्यवृत्त्या नसत्या तर माझ्यासारख्या कितीतरी जणी कॉलेजपर्यंतही पोचल्या नसत्या. पण पंचवीस कागद मागणाऱ्या त्या अर्जात, तू कुणासाठी काय केलंस आणि पुढे काय करशील, हे विचारणारी एक ओळ नव्हती. बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबियात गेले, आणि परत येऊन त्यांनी पुढच्यांसाठी कॉलेजं काढली. त्यांच्या महाराष्ट्रात हा प्रश्न परका कसा असेल?

विद्यापीठात फारशा न दिसणाऱ्या समाजांना वाव देण्यावरून अमेरिकेतही आज मोठा वाद चालू आहे. प्रवेशात वंशाचा विचार करण्याला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये मनाई केली आणि 2025 पासून सरकारनं अशा उपक्रमांमागे हात धुऊन लागल्यासारखं केलं आहे. म्हणून तर मला हे आताच लिहावंसं वाटलं.

राज्यातल्या विद्यापीठांना माझी कळकळीची विनंती आहे की संशोधक विद्यार्थ्यांच्या पुरस्काराच्या अर्जात हा पाचवा रकाना घालावा. त्याला खर्च लागत नाही.

माझ्या अर्जाचा निकाल अजून यायचा आहे. डिसेंबरात मी तीन आठवडे हिंगोलीत आहे. ज्या मुलींना असं निवेदन लिहायचं आहे त्यांनी आपल्या वृत्तपत्राच्या जिल्हा कार्यालयात नाव देऊन ठेवलं तर मी येऊन त्यांच्याबरोबर बसेन. पहिला खर्डा मराठीत आणला तरी चालेल.

आपली नम्र,
एक संशोधक विद्यार्थिनी
(मूळ हिंगोली, सध्या अमेरिका)